टनाआधी पत्रा मोजा : छोट्या गाळ्यासाठी बेंडिंगचे पर्याय

माझ्या मावसभावाचा नवी मुंबईत रबाळ्याला गाळा आहे. इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स करतो. पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येतो, लेझर कटिंग महाप्याला होतं, बेंडिंगसाठी, म्हणजे पत्रा वाकवायला, माल ठाण्याच्या वागळे इस्टेटला जातो, परत रबाळ्याला येऊन वेल्डिंग, आणि पावडर कोटिंगसाठी पुन्हा बाहेर. मागच्या पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं, टेम्पो अडकला, ताडपत्री असूनही माल भिजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड लोखंडी पत्र्याच्या, दरवाजांवर तांबूस गंज उठलेला. त्याचा फोन आला, "दादा, बस झालं आता. स्वतःचं बेंडिंग मशीन घेतो. शंभर टनी घेऊ की दीडशे?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो, आणि जवळजवळ नेहमी याच शब्दांत : किती टनी, म्हणजे मशीनची दाबायची ताकद किती. पत्र्याच्या कामात मला बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली दहा प्रेस ब्रेकसमोर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनसमोर, उभं राहून काढली. माझं मत असं की टन हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. त्याआधी पत्रा किती जाडीचा, बेंड किती लांब, दिवसाला सेटिंग किती वेळा बदलणार आणि बॉक्सच्या आत पंच, म्हणजे वरून दाबणारं हत्यार, शिरणार का, हे ठरायला हवं. ते ठरलं की टन आपोआप निघतात, आणि बहुतेक वेळा मनात असतात त्यापेक्षा कमीच निघतात. म्हणून पर्यायांकडे जाण्याआधी थोडं बेंडबद्दलच लिहितो.

एका बेंडमध्ये काय घडतं

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. या दोघींच्या मधे एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. कापायच्या सपाट पत्र्याचं माप त्या थरावरून निघतं. हा थर बरोबर मध्यावर नसतो, आतल्या बाजूला सरकलेला असतो. साध्या सीआर पत्र्यात तो आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या साधारण ०.४२ पट अंतरावर धरला तर काम जमतं. ड्रॉइंगवाले ज्याला के-फॅक्टर म्हणतात तो हाच आकडा.

पंच वर उचलला की पत्रा थोडा उघडतो, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. सीआरमध्ये तो एखादा अंश असतो, एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलमध्ये दोन-तीन अंशांपर्यंत जातो. त्यामुळे काटकोन हवा असेल तर काटकोनाच्या थोडं पुढे दाबून सोडावं लागतं. डाय, म्हणजे खालचा साचा, ९० ऐवजी ८८ किंवा ८५ अंशांची का असते, असं नवे हेल्पर विचारतात. त्याचं कारण हे.

आणि पत्र्याला लाकडासारखी एक दिशा असते, ती मिलमध्ये रोल होताना पडते. बेंडची रेघ त्या दिशेला आडवी आली तर पत्रा सुखाने वाकतो. समांतर आली तर कडक पत्रा बाहेरच्या कडेला तडकतो. सीआरच्या मऊ डीडी ग्रेडमध्ये हे फारसं जाणवत नाही. एचई-३० सारख्या कडक अ‍ॅल्युमिनियममध्ये लगेच दिसतं. कटिंगची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कोर, असलेली बाजू बेंडच्या आत ठेवावी, म्हणजे तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही. एवढ्या दोन सवयींनी माझ्या काळात बरेच जॉब भंगारात जायचे वाचले.

आठाचा हिशोब

प्रेस ब्रेकवर खाली व्ही आकाराची डाय असते आणि वरून पंच उतरतो. डायचं तोंड किती रुंद घ्यायचं याचा कारखान्यातला नियम सोपा आहे : पत्र्याच्या जाडीच्या आठपट. २ मिमीला १६ ची व्ही, ३ मिमीला २४ ची. फार पातळ पत्र्याला सहापट चालते, ६ मिमीच्या पुढे दहापटीकडे जावं लागतं.

आता गंमत अशी की आठपट व्ही घेतली तर टनांचा हिशोबही आठानेच होतो. साध्या लोखंडी पत्र्यासाठी मीटरमागे लागणारे टन म्हणजे ६५ गुणिले जाडीचा वर्ग, भागिले व्हीचं तोंड. व्हीच्या जागी आठपट जाडी घाला, म्हणजे उत्तर जाडीच्या जवळजवळ आठपट येतं. २ मिमीला मीटरमागे १६ टन, ३ मिमीला २४ टन. एसएसला दीडपट धरा, मऊ अ‍ॅल्युमिनियमला निम्मे. कागद-पेन्सिलही लागत नाही.

मावसभावाचा सगळ्यात मोठा जॉब म्हणजे २ मिमी सीआर, अडीच मीटर लांब. १६ गुणिले अडीच, ४० टन झाले. कधीमधी ३ मिमीचे ब्रॅकेट येतात. ते पूर्ण अडीच मीटर लांबीचे धरले तरी ६० टन. उद्या कुणी ३ मिमी एसएसचं तेवढंच लांब काम आणलं तर ९०. म्हणजे दीडशे टनांचा विषय तिथेच संपला. हा हिशोब एअर बेंडिंगचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. ते का, ते पुढे येतंच आहे.

व्हीवरून आणखी दोन गोष्टी ठरतात आणि त्या ड्रॉइंग काढणाऱ्याला माहीत नसल्या की भांडणं होतात. एक, आतला रेडियस. एअर बेंडिंगमध्ये तो पंचाच्या टोकाने ठरत नाही, व्हीच्या तोंडाने ठरतो. सीआरमध्ये तोंडाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका येतो. १६ च्या व्हीवर अडीच मिमीच्या जरा वर. दोन, सगळ्यात लहान फ्लँज, म्हणजे वाकवलेली पट्टी. पत्रा डायच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे तोंडाच्या दोन्ही कडांवर, टेकलेला राहिला पाहिजे, नाहीतर त्याची कड आत घसरते आणि बेंड वाकडा येतो. त्यासाठी व्हीच्या ०.७ पट तरी फ्लँज लागतो, म्हणजे १६ वर ११-१२ मिमी. ग्राहकाने २ मिमी पत्र्यावर ८ मिमीचा फ्लँज काढून पाठवला, तर कितीही महागडं मशीन असलं तरी त्या व्हीवर तो होणार नाही. बेंडजवळच्या भोकांचंही तेच. भोक डायच्या तोंडावर आलं तर ते लांबट होतं, म्हणून त्याची कड बेंडच्या रेघेपासून निम्म्या व्हीच्या बाहेर ठेवावी.

हवेत वाकवायचं की तळाला टेकवायचं

एअर बेंडिंगमध्ये पंच पत्र्याला व्हीमध्ये अर्धवट ढकलतो. पत्रा तीनच ठिकाणी टेकलेला असतो, दोन खांदे आणि पंचाचं टोक. कोन ठरतो तो पंच किती खोल गेला त्यावर. एकाच पंच-डायवर ९०, १२०, १३५ असे सगळे कोन निघतात, आणि ताकद कमी लागते. दुखणं एकच : खोलीची चूक थेट कोनात उतरते. १६ च्या व्हीवर काटकोनाच्या आसपास खोलीत ०.१ मिमीचा फरक पडला तर कोन सुमारे पाऊण अंशाने बदलतो. आणि चूक मशीनचीच असेल असं नाही. २ मिमी म्हणून आणलेला पत्रा मायक्रोमीटरवर कधी १.९ भरतो, तेव्हा तोच पाऊण अंश पत्र्यातून येतो. ऑपरेटर बिचारा मशीनला दोष देत बसतो.

बॉटमिंगमध्ये पंच पत्र्याला डायच्या उतारावर नेऊन टेकवतो. कोन डायचा येतो, त्यामुळे पत्र्यातला फरक बराच झाकला जातो. पण ताकद तीन ते पाच पट लागते. मघाचा ४० टनांचा अडीच मीटरचा बेंड बॉटमिंगने करायचा तर चौपट धरून १६० टन झाले. वागळेतल्या जुन्या शेडमध्ये एवढी मोठी मशीनं का होती आणि जुने मिस्त्री "टन जास्त असलेलं बरं" का म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. त्यांची पद्धत वेगळी होती, त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं. कॉइनिंग म्हणजे त्याच्याही पुढे, पंचाचं टोक पत्र्यात रुतवून कोन पक्का करणं. पॅनेल बॉक्सच्या धंद्यात त्याचा विचारही करू नका. पाच ते दहा पट ताकद लागते आणि टूल, म्हणजे पंच-डाय, लवकर मरतं.

पॅनेल, डक्ट, कॅबिनेट, किचनचं एसएस काम करणाऱ्या छोट्या युनिटने एअर बेंडिंगच धरावं, असं मी ठामपणे सांगतो. त्यात वाचलेले टन म्हणजे वाचलेला पैसा, आणि तो मी पुढे बॅकगेज (पत्र्याची कड मागे टेकवायचा, माप ठरवणारा अडसर) आणि टूलमध्ये घालायला सांगणार आहे.

मशीन बदललं तरी न सुटणारी अडचण

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चाळीस बॉडी आल्या, लेझर कट होऊन. दोन्ही बाजूंना फ्लँज, उभ्या भिंती, मधे तळ. म्हणजे एका दिशेत चार बेंड. बेंड झाल्यावर प्रत्येक बॉडी साडेतीन मिमीच्या वर मोठी भरली. दरवाजे बसेनात. लेझरवाल्याने कट साइज बरोबर काढली होती, आमच्या ऑपरेटरनेही बेंड सरळ मारले होते. चूक ड्रॉइंगमध्ये होती : सॉफ्टवेअरमध्ये आतला रेडियस १ मिमी आणि के-फॅक्टर ०.५ पडलेला होता, कुणी बदललाच नव्हता.

आकडे मांडून बघा. २ मिमी पत्रा, रेडियस १, के ०.५ धरला तर प्रत्येक काटकोनी बेंडला बाहेरच्या मापांच्या बेरजेतून २.८६ मिमी वजा होतात. आमच्या १६ च्या व्हीवर प्रत्यक्ष रेडियस २.५६ च्या आसपास येत होता, के ०.४२ धरून वजावट ३.७८ निघते. एका बेंडला ०.९२ मिमीचा फरक, चार बेंडला ३.६८. मालकांनी त्या दिवशी मशीनवाल्याला बोलावलं होतं. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता.

तेव्हापासून माझा नियम : ज्या पत्र्यावर, ज्या व्हीवर काम करायचं, त्यावर पट्टी मारून, म्हणजे पत्र्याचा तुकडा वाकवून बघून, वजावट स्वतः काढायची. १०० मिमी लांबीची पट्टी मोजून कापा, मधोमध काटकोनात वाकवा, दोन्ही पायांची बाहेरची मापं व्हर्निअरने घ्या. ५१.९ आणि ५१.९ भरले तर बेरीज १०३.८; त्यातून १०० गेले, वजावट ३.८. ती वहीत लिहा आणि लेझरवाल्याला द्या. तीच पट्टी १२ च्या व्हीवर मारली तर वजावट साडेतीनच्या जवळ येते. म्हणजे व्ही बदलली की माप बदललं, जरी पत्रा तोच असला तरी. जॉबवर्कला माल देणाऱ्यांनी तर समोरचा कोणती व्ही वापरतो हे विचारल्याशिवाय कटिंगची फाइल पाठवूच नये.

आता पर्याय

बाहेरून करून घेणं हा कमीपणाचा पर्याय नाही. महिन्याला मोजके बॉक्स असतील, मापं रोज वेगळी असतील आणि भांडवल वेल्डिंग किंवा असेंब्लीत अडकलेलं असेल, तर बेंडिंग बाहेरच ठेवावं. मात्र जवळचा माणूस धरावा. रबाळ्याच्या गाळ्याचं बेंडिंग वागळेत आणि कटिंग महाप्यात, ही दोन टोकं सांभाळण्यातच माझ्या भावाचे दिवस जात होते. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कटिंग आणि बेंडिंग एकाच छताखाली करणारे मिळतात. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की वजावटीची जबाबदारीही त्याच्याकडे जाते, आणि मघाच्या चाळीस बॉडींसारखी टोलवाटोलवी होत नाही. दर दोन रुपये जास्त पडला तरी द्या. माल चलनावर पाठवा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ खाली जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, तेव्हा उरलेल्या पत्र्याचाही हिशोब ठेवा. पावसाळ्यात बेंड झालेल्या सीआरला तेलाचा हात मारूनच गाडीत चढवा. खाडीच्या काठची हवा आहे, रात्रभरात गंज धरतो.

हातफोल्डिंग मशीनला लोक हसतात, मला ते आवडतं. पत्रा वरच्या पट्टीखाली दाबून पुढचं पान हाताने उचलायचं. ४ फुटी मशीनवर १.२ मिमी आरामात होतो, १.६ ला जोर लागतो, २ मिमी नाही. वीज लागत नाही, गाळ्याच्या कोपऱ्यात मावतं, आणि डायच्या खांद्यावरून पत्रा घासत नसल्यामुळे चकचकीत एसएसवर किंवा रंगीत पत्र्यावर ओरखडे कमी येतात. बोटांसारखे सुटे तुकडे असलेलं मशीन घेतलं तर बॉक्सच्या चारही बाजू होतात. डक्टवाले, साइनबोर्डवाले, पातळ पत्र्याचं एकेक नग करणारे यांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. पण दिवसाला शंभराच्या वर बेंड गेले की माणूस थकतो आणि थकलेल्या हाताचा कोन बदलतो.

जुनं मेकॅनिकल प्रेस ब्रेक सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतं आणि टनांचा आकडा मोठा असतो, म्हणून मोह होतो. घेऊ नका. त्यात फ्लायव्हील आणि क्लच असतो. एकदा पाय दाबला की अशा जुन्या मशीनचा स्ट्रोक मधे थांबवता येत नाही. मी शिकाऊ असताना माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या दोन बोटांची टोकं गेली. तो अनुभवी होता, त्या दिवशी फक्त पत्रा सरळ करायला हात पुढे गेला. त्या मशीनला संरक्षण काहीच नव्हतं. आज कुणी मला विचारलं की एवढ्या कमी पैशात दुसरं काय येईल, तर मी म्हणेन हातफोल्डिंग घ्या आणि बाकीचं बाहेर द्या.

मग राहतात हायड्रॉलिक. यात दोन प्रकार नीट वेगळे करायला हवेत, कारण विकणारे दोन्हींना सीएनसी म्हणून टाकतात.

पहिल्या प्रकारात दोन सिलिंडर एका जाड टॉर्शन बारने जोडलेले असतात आणि खोली यांत्रिक स्टॉपवर ठरते. साधं, टिकाऊ, दुरुस्ती इथल्या इथे होणारं. मर्यादा अशी की जॉब मशीनच्या मधोमध ठेवावा लागतो. एका टोकाला छोटा पीस मारला तर भार एका बाजूला येतो, बार पिळला जातो आणि कोन उतरता येतो. सकाळी तेल थंड असताना पहिल्या तासात कोन थोडा वेगळा येतो हेही गृहीत धरावं. या मशीनला मागे मोटरवर चालणारं, आकडा टाकला की सरकणारं बॅकगेज बसवलेलं मिळतं. छोट्या गाळ्यासाठी माझी पहिली शिफारस हीच जोडी आहे.

कारण सांगतो. मावसभावाच्या एका बॉक्सला बॉडीचे आठ बेंड, दरवाजाचे आठ, आतल्या प्लेटचे चार, असे वीस बेंड पडतात. बॅकगेजचे स्टॉप मात्र पाचच : बॉडीला दोन, दरवाजाला दोन, प्लेटला एक. हाताने फिरवायचं बॅकगेज असेल तर एक स्टॉप लावून, पट्टी मारून, मोजून, पुन्हा सरकवून दहा मिनिटं जातात. एका मापाच्या बॉक्सला पन्नास मिनिटं. त्याच्याकडे दिवसाला तीन मापं येतात, म्हणजे अडीच तास नुसतं सेटिंग. एवढ्या वेळात बेंड मारणारा माणूस उभा असतो. मोटरचं बॅकगेज हाच वेळ काही मिनिटांवर आणतं. पन्नास जास्तीच्या टनांनी यातलं एक मिनिटही वाचत नाही.

दुसरा प्रकार खरा सीएनसी : दोन्ही सिलिंडर स्वतंत्र, दोन्ही बाजूंना स्केल, दर क्षणी दोन्हीकडची खोली मोजून व्हॉल्व्ह दुरुस्त होत राहतो. यावर डावीकडे एक टूल, उजवीकडे दुसरं, असं लावून एकच पीस हातातून न सोडता पूर्ण करता येतो. प्रोग्रॅम साठवता येतो. सहा महिन्यांनी तोच जॉब परत आला तर पहिल्या-दुसऱ्या पीसला माप लागतं. लांब बेंडमध्ये बेड (डाय बसते तो खालचा भाग) आणि रॅम (पंच घेऊन खाली येणारा भाग) किंचित वाकतात, त्यामुळे मधला कोन टोकांपेक्षा उघडा राहतो. त्यावरची क्राउनिंगची सोय यात असते. साध्या मशीनवर तेच काम आपण डायखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, घालून करतो, आणि चांगला ऑपरेटर ते सुरेख करतो. वेगवेगळे कोन, लांब पीस, परत परत येणारे ग्राहक, आणि दोन शिफ्ट भरतील एवढं काम असेल तर सीएनसीचा हप्ता निघतो. एक शिफ्टही नीट भरत नसेल तर तेच मशीन ओझं होतं.

सर्वो इलेक्ट्रिकमध्ये तेल नाही, मोकळं उभं असताना वीज जवळजवळ खात नाही, आणि पातळ-छोट्या कामात ते फार चपळ असतं. पहिलं मशीन म्हणून ते घेण्याइतकं काम मला आपल्याकडच्या छोट्या गाळ्यांत क्वचित दिसलं.

टूलचा पैसा आधी बाजूला काढा

मशीन आलं, हार घातला, नारळ फोडला, आणि पहिल्याच बॉक्सला कळलं की तीन मीटर लांब अखंड पंच चौथ्या बाजूला आत जातच नाही. असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. बॉक्सचं काम असेल तर पंच तुकड्यांत कापलेला हवा, म्हणजे आतल्या रुंदीएवढीच लांबी जुळवता येते. आत वळलेले फ्लँज असतील तर टोकाचे तुकडे कानाचे, म्हणजे बाजूला टोक निघालेले, हवेत, आणि भिंत पंचाला आपटू नये म्हणून हंसाच्या मानेसारखा वाकलेला गूजनेक पंच हवा. खोल बॉक्सला पंच आणि होल्डरची एकत्र उंची बघा, कारण उभी भिंत वर रॅमला लागते. चार बाजूंना चार तोंडं असलेली डाय सुरुवातीला पुरते. १२, १६ आणि २४ ची तोंडं त्यात असली की १.६, २ आणि ३ मिमीची सोय झाली.

एसएस करणार असाल तर त्याची डाय वेगळी ठेवा, निदान पुसून वर फिल्म तरी लावा. सीआरचे बारीक कण एसएसमध्ये रुततात आणि महिन्याभराने ग्राहकाच्या स्वयंपाकघरात ठिपक्यांसारखा गंज दिसतो. तेव्हा पत्रा खोटा दिल्याचा आरोप येतो.

गाळा काय म्हणतो

महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत जिथून सुरू झाली त्या वागळे इस्टेटमध्ये आता मजल्यांवर मजले असलेले गाळे खूप आहेत. शंभर टनी, तीन मीटरचं मशीन सहा ते आठ टन वजनाच्या घरात जातं. ते वरच्या मजल्यावर नेण्याचा विचार स्लॅबची ताकद इंजिनिअरकडून लिहून घेतल्याशिवाय करू नका. तळमजल्यावरही मशीनच्या पुढे पूर्ण पत्रा फिरवायला जागा हवी. ८ बाय ४ चा २ मिमी पत्रा पन्नास किलोच्या जवळ भरतो, आणि बेंड होताना त्याची पुढची कड झपकन वर येते. हेल्पर तिथे उभा असला तर हनुवटीला लागते. वीजजोडणीचा मंजूर भार तपासा. एवढ्या मशीनला १० ते १५ एचपीची मोटर असते.

आणि एक माप विकणारा सांगत नाही : दोन बाजूंच्या खांबांमधलं अंतर. तीन मीटरच्या मशीनवर ते साधारण अडीच मीटरच असतं. पत्रा खांबांच्या आत खोल सरकवायचा असेल तर तुमची खरी लांबी तीच.

ऑपरेटरबद्दल : आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथली मुलं घ्या आणि पहिले दोन महिने त्यांना नुसत्या पट्ट्या मारून वजावट काढायला लावा. प्रोग्रॅम भरायला ती आठवड्यात शिकतात. हातात पत्रा घेऊन तो कडक आहे की मऊ हे ओळखायला वेळ लागतो, आणि तोच वेळ पुढे कामाला येतो.

मावसभावाचं काय ठरलं

मी त्याच्या मागच्या तीन महिन्यांची चलनं मागवली आणि दोघांनी बसून बेंड मोजले. दिवसाला सरासरी बारा बॉक्स, म्हणजे २४० बेंड, मापं तीन. हातफोल्डिंगच्या आवाक्याबाहेर, सीएनसीच्या दोन शिफ्टच्या बऱ्याच आत. शंभर टनी, तीन मीटरचं टॉर्शन बार हायड्रॉलिक, मोटरचं बॅकगेज, तुकड्यांचा गूजनेक पंच आणि समोर हात गेला की रॅम थांबवणारा लाइट कर्टन, इथे येऊन आम्ही थांबलो. एसएसचं काम तूर्त बाहेरच राहील. कर्टनवर तो थोडा अडला, "नंतर बसवू" म्हणाला. मी ऐकलं नाही.

नवं घ्यायचं की वापरलेलं, हे अजून ठरायचंय. वापरलेलं बघायला जाताना मी काय करतो ते सांगतो. एकाच पत्र्याच्या, एकाच मापाच्या दहा पट्ट्या बरोबर नेतो. सगळ्या एकाच सेटिंगवर, मशीनच्या मध्यावर मारायला लावतो आणि प्रत्येकीचा कोन आणि पायाची लांबी मोजतो. कोन हलला तर रॅमची खोली हलतेय, लांबी हलली तर बॅकगेजचा स्क्रू झिजलाय. मग पूर्ण लांबीचा एक पीस. डावा, मधला, उजवा कोन मोजतो. मधला एखाद्या अंशाने उघडा असेल तर शिमने भागतं, डावा-उजवा वेगळा असेल तर टॉर्शन बारची बेअरिंगं बघायला सांगतो. शेवटी रॅम वर नेऊन मोटर बंद करायची, खडूने खूण करायची, खाली कुणी हात घालायचा नाही, आणि अर्ध्या तासाने बघायचं : रॅम खुणेखाली उतरला असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, त्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावायचा.

तुर्भ्याला एक मशीन आहे, शनिवारी बघायला जातोय. पट्ट्या मी कापून ठेवल्या आहेत.